कोरे कापड आणि कोरा कॅनव्हास

आमच्या शाळेत चित्रकलेला वेगळा शिक्षक नाही. त्यामुळे आठवीच्या चित्रकलेच्या दोन तासिका इतिहास-भूगोल शिकवणाऱ्या माझ्या वाट्याला येतात. माध्यम उर्दू, वस्ती जुन्या नाशकातली, आणि वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलींच्या घरी चित्रकलेची वही म्हणजे फालतू खर्च. मी स्वतः मालेगावच्या बुनकर घरातली. लग्नानंतर नाशिककर झाले. लहानपणी लूमच्या खडखडाटात मला गाढ झोप लागायची आणि वीज गेली की त्या शांततेने जाग यायची. हे एवढ्यासाठीच सांगितले, की पुढे जे लिहिणार आहे ते एखाद्या कलासमीक्षकाचे लिहिणे नाही. मागाच्या आवाजात वाढलेल्या एका शिक्षिकेला इतिहास चाळताना जे दिसले, तेच येथे मांडते आहे.

एकदा ‘आधुनिक कला’ म्हणजे काय हे समजावण्यासाठी मी वर्गात एका मासिकातले चित्र नेले. चित्रात एक आखूड, बिनबाह्यांचा फ्रॉक होता. पांढऱ्या लोकरी कापडावर जाड काळ्या उभ्या-आडव्या पट्ट्या, त्यांच्यामधल्या चौकोनांत एक लाल, एक निळा, एक पिवळा. मी सांगू लागले, की मुलींनो, हा जगातल्या अतिशय गाजलेल्या पोशाखांपैकी एक आहे. एवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “टीचर, ये तो चौख़ाना है! ऐसी लुंगी तो मेरे अब्बा बनाते थे.”

सारा वर्ग हसला. मीही जरा रागावले. ती मुलगी शिक्षणासाठी मामूंकडे नाशकात राहते. तिचे वडील मालेगावात लूमवर काम करतात. तास संपला, पण तिचे वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. पॅरिसच्या फ्रॉकमध्ये आणि आपल्या चौखान्याच्या लुंगीत खरोखरच काही नाते आहे का? आणि असेल, तर एकाचे नाव जगाच्या इतिहासात कसे गेले आणि दुसऱ्याचे का नाही?

एक फ्रॉक, दोन नावे

आधी त्या फ्रॉकची हकिगत. 1965 च्या उन्हाळ्यात इव्ह सेंट लॉरेन या तरुण फ्रेंच पोशाखकाराने येणाऱ्या हिवाळ्यासाठी आपले नवे पोशाख पॅरिसमध्ये सादर केले. हा माणूस जन्माने अल्जीरियाच्या ओरान शहरातला, साल 1936. त्या वेळी अल्जीरिया फ्रेंचांच्या ताब्यात होता. स्वतःच्या नावाची पेढी काढून त्याला जेमतेम चार वर्षे झाली होती. त्या पोशाखांपैकी काही त्याने पीट मोंद्रियान या डच चित्रकाराच्या चित्रांवरून बेतले होते. सप्टेंबर 1965 च्या ‘व्होग’ या फ्रेंच मासिकाच्या मुखपृष्ठावर तो फ्रॉक झळकला, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या स्वस्त नकला बाजारात आल्या.

मोंद्रियानला हे काहीच पाहायला मिळाले नाही. तो 1872 साली हॉलंडमध्ये जन्मला आणि 1944 साली न्यूयॉर्कमध्ये वारला. झाडे, पवनचक्क्या, समुद्र अशी चित्रे काढता काढता त्याने एकेक गोष्ट गाळायला सुरुवात केली. अखेर त्याच्याकडे उरली ती फक्त उभी रेघ, आडवी रेघ, तीन मूळ रंग आणि काळा, पांढरा, राखी. लोकांना ही चित्रे कळत नसत. पोट भरण्यासाठी त्याला फुलांची चित्रे काढून विकावी लागत. पुढे त्याच रेघा जगभरच्या बायकांच्या अंगावर आल्या, तेव्हा त्याच्या मृत्यूला एकवीस वर्षे झाली होती.

उभी रेघ आणि आडवी रेघ! आपल्याकडे याला काय म्हणतात? ताना आणि बाना. जगातले कोणतेही विणलेले कापड याच दोन रेघांनी बनते. मोंद्रियानला सारे आयुष्य खर्चून जे सापडले, ते बुनकराच्या पोराला पाळण्यातच दिसत असते. हा विचार मला इतका आवडला, की पुढच्या पालकसभेला त्या मुलीचे वडील आले तेव्हा मी मोठ्या उत्साहाने तेच चित्र त्यांच्यापुढे ठेवले.

त्यांनी चष्मा लावला, चित्र उजेडाकडे धरले आणि मान हलवली. “नहीं टीचर, ये चौख़ाना नहीं है. चौख़ाने में रंग आपस में मिलते हैं. बाना तो इधर से उधर पूरा जाएगा, लाल धागा बीच में कैसे रुकेगा? ये लूम पर नहीं निकला. टुकड़े जोड़ के सिया है.”

मी घरी येऊन वाचले तेव्हा कळले, की त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. तो फ्रॉक छापलेला नाही आणि तसा विणलेलाही नाही. लोकरी जर्सीचा प्रत्येक चौकोन आणि प्रत्येक काळी पट्टी वेगळी कापून एकमेकींना अशा खुबीने जोडली आहे, की शिवण डोळ्याला दिसू नये. अंगाचे चढउतारही त्या पट्ट्यांच्या जोडांतच लपवले आहेत. कलेवरच्या लेखांत ज्या गोष्टीसाठी दोन परिच्छेद खर्ची पडतात, ती मालेगावच्या एका बुनकराने मासिकातल्या चित्रावरून अर्ध्या मिनिटात ओळखली.

त्यांचे बोलणे जरा उलगडून सांगते. चौखान्याच्या कापडात ताण्यातही रंगीत पट्टे असतात आणि बाण्यातही. लाल ताना आणि पांढरा बाना जिथे एकमेकांना छेदतात तिथे ना लाल, ना पांढरा, असा मिसळता रंग दिसतो. चौखान्याचे सारे सौंदर्य या मिसळण्यात आहे. मोंद्रियानच्या चौकोनातला लाल मात्र निव्वळ लाल आहे, आणि रेघ ओलांडली की तो संपतो. साध्या मागावर हे होत नाही, कारण धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत धावतो. मधेच थांबत नाही. गमतीची गोष्ट अशी, की 1942-43 मध्ये न्यूयॉर्कला असताना मोंद्रियानने काढलेल्या ‘ब्रॉडवे बूगी वूगी’ या चित्रात काळ्या रेघा नाहीशा झाल्या. रंगीत पट्ट्याच एकमेकींना छेदतात आणि छेदाच्या जागी लहान लहान रंगीत चौकोन येतात. म्हणजे आयुष्याच्या शेवटी हा चित्रकार आपल्या चौखान्याच्या बराच जवळ आला होता.

मग मोंद्रियानचा चौकोन मागावर निघणारच नाही का? निघेल, आणि त्यासाठी फार दूर जायला नको. आपल्याच जिल्ह्यात येवला आहे. सतराव्या शतकात रघोजी नाईकांनी पैठणचे विणकर आणून वसवलेले हे गाव. पैठणीच्या पदरावर धोटा या काठापासून त्या काठापर्यंत धावत नाही. प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली असते. एका रंगाचा धागा आपल्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो. म्हणूनच मुनियाचा हिरवा जरीत मिसळत नाही, आणि पैठणी उलट-सुलट सारखीच दिसते. पॅरिसच्या कारागिरांनी जे सुईने जोडून केले, ते येवल्याचा विणकर न जोडता, एकसंध विणू शकतो. नुसते घड्याळ तेवढे पाहायचे नाही!

गुदडीतून निघालेली कला

आपल्याला शाळेत असे शिकवले जाते, की आधी थोर चित्रकार चित्र काढतो आणि नंतर शिंपी, विणकर, रंगारी त्याची नक्कल करतात. इतिहास पाहिला तर बरेचदा वाट उलटी गेलेली दिसते.

सोनिया देलोने ही मूळची युक्रेनमध्ये जन्मलेली, पॅरिसमध्ये स्थायिक झालेली चित्रकार. 1911 साली तिला मुलगा झाला. आपल्या देशातल्या शेतकरी बायका करतात तशी तिने बाळासाठी कापडाचे तुकडे जोडून एक गोधडी शिवली. आपल्या घरांत याला गुदडी म्हणतात. त्या तुकड्यांची मांडणी पाहून तिच्या आणि तिच्या चित्रकार नवऱ्याच्या मनात विचार आला, की निव्वळ रंगाशेजारी रंग ठेवूनही चित्र होऊ शकते. 1913 मध्ये तिने त्याच पद्धतीने स्वतःसाठी पोशाख शिवला आणि पुढे 1920 च्या दशकात ती कापडावरच्या नक्षीची आणि पोशाखांची मोठी कलावंत म्हणून नावारूपाला आली. ती बाळाची गुदडी आज पॅरिसच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मालकीची आहे. ‘गुदडी का लाल’ हा शब्दप्रयोग आपण माणसांबद्दल वापरतो. येथे एक सबंध कलापद्धतच गुदडीतून निघाली.

दुसरे नाव हेन्री मातिसचे. 1869 साली जन्मलेला हा फ्रेंच चित्रकार बोएँ नावाच्या गावी वाढला, आणि हे गाव विणकरांचे. तिथे उंची रेशमी कापड विणले जाई. मातिसच्या घराण्यातही विणकर होऊन गेले होते. आपल्या येवल्या-मालेगावातल्या मुलासारखेच त्याचे बालपण मागाच्या आवाजात गेले. तो आयुष्यभर कापडाचे तुकडे, पडदे, गालिचे जमवत राहिला आणि तेच त्याच्या चित्रांत आले. 1910 साली जर्मनीतल्या म्युनिक शहरात इस्लामी कलेचे एक प्रचंड प्रदर्शन भरले होते. इराण, तुर्कस्तानचे गालिचे, भांडी, हस्तलिखिते तिथे मांडली होती. ते पाहायला मातिस मुद्दाम गेला. 1912 आणि 1913 मध्ये तो मोरोक्कोत राहिला. त्यानंतरच्या त्याच्या चित्रांत सपाट रंग आणि नक्षी यांना जे स्थान मिळाले, त्यामागे या पाहण्याचा वाटा मोठा आहे, असे अभ्यासक मानतात. ज्या वस्तूंना आपण ‘फक्त नक्षीकाम’ म्हणून बाजूला ठेवतो, त्याच वस्तूंनी युरोपच्या चित्रकाराला नवी नजर दिली.

तिसरी गोष्ट रशियातली. क्रांतीनंतर मॉस्कोच्या सरकारी कापडछपाई कारखान्याला नव्या नक्ष्या हव्या होत्या. 1923-24 च्या सुमारास ल्युबोव्ह पोपोवा आणि वार्वारा स्तेपानोवा या दोन चित्रकार स्त्रिया तिथे कामाला गेल्या. त्यांनी फुले-पाने सोडून वर्तुळे, पट्टे, त्रिकोण यांची नक्षी आणली. चित्र एका श्रीमंताच्या भिंतीवर लागण्यापेक्षा हजारो कष्टकरी बायकांच्या अंगावर जावे, अशी त्यांची धारणा होती. स्तेपानोवाने दीडशेच्या आसपास नक्ष्या केल्या, पण प्रत्यक्ष कापडावर छापल्या गेल्या त्या थोड्याच. पोपोवा 1924 मध्ये तापाने वारली आणि तो प्रयोग फार काळ चालला नाही. पण एक प्रश्न मात्र त्यांनी कायमचा मांडून ठेवला. कला कोणासाठी? आणि कापड हे कलेचे हक्काचे ठिकाण का नसावे?

बनारसला गेलेला मराठी चित्रकार

नवी चित्रकला म्हटले की आपल्या वाचकांना पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन आठवतात, सय्यद हैदर रझा आठवतात. 1947 साली मुंबईत सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाक्रे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, हेही अनेकांना ठाऊक असते. पण त्यानंतरच्या दहा वर्षांत याच मुंबईत एक वेगळी, फारशी न बोलली गेलेली गोष्ट सुरू झाली. आपल्याशी तिचा संबंध अधिक जवळचा आहे.

स्वातंत्र्यानंतर गिरण्या आणि यंत्रमाग यांच्यापुढे हातमाग टिकणार कसा, हा सरकारपुढचा मोठा प्रश्न होता. 1956 साली पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने मुंबईत विणकर सेवा केंद्र सुरू झाले. कल्पना साधी होती. चित्रकार, रंगारी आणि विणकर यांना एका छपराखाली आणायचे. जुन्या नक्ष्या शोधून त्यांची नोंद करायची, नव्या नक्ष्या कागदावर काढायच्या, त्यांचे नमुने मागावर विणून पाहायचे आणि ते विणकरांपर्यंत पोहोचवायचे. यासाठी पगारी चित्रकार नेमले गेले, आणि हे चित्रकार कोणी जुन्या वळणाचे नक्षीकार नव्हते. त्या काळच्या सर्वांत नव्या, धाडसी चित्रकलेतली ही माणसे होती. के. जी. सुब्रमण्यन 1959 ते 1961 या काळात हातमाग मंडळाच्या नक्षी विभागात उपसंचालक होते. अकोल्यात जन्मलेले अंबादास यांचाही या केंद्राशी संबंध आला. 1963 साली दिल्लीत ज्या ‘ग्रुप 1890’ चे प्रदर्शन गाजले त्याचे ते एक संस्थापक होते. पुढे ते नॉर्वेला गेले आणि 2012 मध्ये तिथेच वारले.

पण मला सर्वांत जवळचे वाटतात ते प्रभाकर बरवे. 1936 साली अलिबागजवळच्या नागाव येथे त्यांचा जन्म झाला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून 1959 मध्ये ते बाहेर पडले आणि 1961 मध्ये विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले. त्यांची नेमणूक झाली बनारसला. चार वर्षे ते तिथे राहिले, 1965 मध्ये मुंबईच्या केंद्रात आले, आणि 1982 पर्यंत म्हणजे एकूण एकवीस वर्षे त्यांनी ही नोकरी केली. बनारसमध्ये तांत्रिक आकृत्यांचा, त्रिकोण-वर्तुळांचा त्यांच्यावर जो परिणाम झाला त्याबद्दल बरेच लिहिले गेले आहे. पुढे पान, सफरचंद, घड्याळ, अक्षर अशा साध्या वस्तू मोकळ्या अवकाशात ठेवणारी त्यांची चित्रे जगभर गेली. 1976 मध्ये त्यांना ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1990 मध्ये ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचे मराठी पुस्तक आले. 1995 मध्ये ते वारले. 2019 साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते.

पण बनारसमध्ये बरवे ज्यांच्यासाठी नक्ष्या काढत होते ते बुनकर कोण होते? बहुतेक सारे अन्सारी, मोमीन. म्हणजे आपलेच लोक. 1857 च्या बंडानंतरची धरपकड, पुढचे दुष्काळ आणि विलायती कापडाचा मार यांमुळे उत्तर प्रदेशातल्या ज्या बुनकरांनी आग्रा रोडची वाट धरली, त्यांतलेच अनेक जण मालेगावात थांबले. माझ्या दादांचे घराणेही त्यांतलेच. येताना त्यांनी दोनच गोष्टी आणल्या, असे आमच्या घरी सांगत. एक जबान आणि दुसरा हुनर. या शहराने दोन्ही ठेवून घेतले.

बनारसच्या बुनकरांत आणखी एक माणूस असे. त्याला म्हणत नक्शबंद. कागदावरचे फूल मागावर चढवायचे तर कोणत्या ओळीत कोणता ताना उचलायचा, हे ठरवावे लागते. नक्शबंद हा हिशोब दोऱ्यांच्या जाळीत बांधून ठेवी. ती बांधलेली जाळी म्हणजेच नक्शा. ती मागाला जोडली, की विणकर फूल काढू शकत असे. नंतर 1804 च्या सुमारास फ्रान्सच्या जॅकार्डने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या पट्ट्यांवर हेच काम करून दाखवले, आणि हल्ली त्याच पट्ट्यांना संगणकाचे पूर्वज म्हणतात. आमच्या नक्शबंदाचे नाव मात्र त्या वंशावळीत क्वचितच येते. पुपुल जयकर यांनी 1967 मध्ये बनारसच्या नक्शबंदांवर इंग्रजीत एक लेख लिहून त्यांची दखल घेतली, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. मला राहून राहून वाटते, की मोकळ्या अवकाशात नेमकी एकच वस्तू नेमक्या जागी ठेवण्याची जी शिस्त बरव्यांच्या चित्रांत दिसते, तिच्यात नक्शबंदाच्या हिशोबाचाही काही अंश असला पाहिजे. हा पुरावा नव्हे, एका बुनकराच्या मुलीचा अंदाज आहे.

नाव कुणाचे?

आता मूळ प्रश्नाकडे येते. पॅरिसच्या फ्रॉकवर दोन नावे आहेत, चित्रकाराचे आणि पोशाखकाराचे. ज्या हातांनी त्या अदृश्य शिवणी घातल्या त्यांचे नाव सामान्य वाचकाला सापडत नाही. आपल्याकडे तर चित्र आणखी वेगळे. विणकर सेवा केंद्रात तयार झालेली नक्षी खात्याची असे. दुकानात साडी घेणाऱ्या बाईला ती कुणी काढली हे कळण्याचे कारण नव्हते, आणि ती कुणी विणली हेही. म्हणजे या कापडावर कुणाचेच नाव नव्हते. चित्रकार आणि विणकर निदान अनामिकपणात तरी बरोबरीचे होते! फरक एवढाच, की चित्रकार संध्याकाळी घरी जाऊन कॅनव्हासवर स्वतःची सही करू शकत होता.

आणि हा कॅनव्हास म्हणजे तरी काय? ते कापडच आहे. कुणीतरी ताना लावला, कुणीतरी बाना टाकला, तेव्हा तो तयार झाला. चित्रकार ज्याला ‘कोरा’ म्हणतो तिथे एका माणसाची मेहनत आधीच येऊन गेलेली असते. बरव्यांच्या पुस्तकाचे नाव पहिल्यांदा वाचले तेव्हा मला चित्र आठवले नाही, आमच्या मोहल्ल्यातला माल आठवला. मालेगावचे कापडसुद्धा कोरेच असते. व्यापारी त्याला ‘ग्रे’ म्हणतात. 1935 च्या सुमारास तिथे यंत्रमाग आले. मालेगावच्या रंगीत साडीला एके काळी चांगले नाव होते. पुढे तो माल कमी होत गेला आणि बहुतेक माग बिनरंगी, बिननक्षीचे कापड विणू लागले. ते कोरे कापड राजस्थानात पाली-बालोतऱ्याला किंवा गुजरातेत जाते. तिथे त्यावर रंग चढतो, नक्षी चढते, शिक्का बसतो आणि भाव वाढतो. आमच्या माणसांच्या वाट्याला मीटरवारी येते.

येथे येवला आणि मालेगाव यांतला फरक डोळ्यांत भरतो. दोन्ही एकाच जिल्ह्यातली विणकरांची गावे. येवल्याने नक्षी सोडली नाही. बांगडी मोर, कमळ, आसावली, मुनिया, आणि आपल्या जबानीतले नाव अजून जपून ठेवलेला हुमा परिंदा, हे सारे पदरावर टिकले. 2010 मध्ये पैठणीला भौगोलिक ओळखीची सरकारी नोंदणीही मिळाली. तिथेही विणकराच्या अडचणी आहेतच, पण निदान त्याच्या कापडाला नाव आहे. मालेगावच्या कापडाला नाव नाही, कारण त्यावर काही लिहिलेलेच नाही. त्यांचा आणि आमचा धागा एकच. फरक पडला तो नक्षा हातातून गेल्याने.

म्हणून मला पोशाखावर चित्र आणण्याची ही सारी हकिगत केवळ श्रीमंतांच्या हौसेची वाटत नाही. कापडाचा भाव विणण्याने जितका ठरतो, त्याहून जास्त नक्षीने ठरतो. आणि नक्षी शिकायची तर सुरुवात चित्रकलेच्या वहीपासूनच होते.

याच ठिकाणी आमचे पालक अडतात. काहींना खर्च नको असतो. काहींच्या मनात तसवीरीविषयी संकोच असतो. त्या संकोचाची मी थट्टा करत नाही. प्रत्येकाने आपापल्या समजुतीप्रमाणे वागावे. पण ज्या समाजाने सजीवांची चित्रे टाळली, त्याच समाजाने रेघ, चौकोन, तारा, वेल आणि अक्षर यांतून अशी कला उभी केली, की तिला आज जग सलाम करते. स्पेनमधल्या अल्हंब्राच्या भिंतींवरची नक्षी पाहायला हॉलंडचा चित्रकार एशर 1922 आणि 1936 मध्ये दोनदा गेला, तिथे बसून त्याने ती उतरवून घेतली आणि त्यातून त्याचे पुढचे काम घडले. परक्यांनी ज्या खजिन्यातून इतके उचलले, त्याच्या वारसांनी आपल्या मुलांच्या हाती पट्टी आणि कंपास द्यायला घाबरावे, हे मला पटत नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी रेखाकला परीक्षांत संकल्पचित्राचा भाग असतो. त्यात भौमितिक नक्षी काढता येते. आमच्या मुली यात कुणालाही मागे टाकतील, कारण हे गणित त्यांच्या घरात तीन-चार पिढ्या चालत आले आहे.

आता मी वर्गात जरा वेगळ्या रीतीने शिकवते. मोंद्रियानचे चित्र दाखवते, सोनियाच्या गुदडीची गोष्ट सांगते, आणि मग मुलींना सांगते, की आपापल्या घरातून कापडाचा एक तुकडा आणा. भिंगाखाली त्यातले धागे मोजा. तेच चौकटीच्या कागदावर उतरवा. एक चौकोन म्हणजे एक धागा. पहिल्या तासाला कंटाळतात. दुसऱ्या तासाला विचारू लागतात, की टीचर, गोल कसा काढायचा? मग येवल्याचा पदर दाखवते. भिंगातून पाहिले की मुनियाची चोचही पायऱ्यापायऱ्यांची दिसते. कापडावर गोल नसतोच, पायऱ्या इतक्या बारीक असतात की डोळ्याला तो गोल वाटतो.

‘चौख़ाना है’ म्हणणाऱ्या त्या मुलीने सत्राअखेरीस एक संकल्पचित्र दिले. उभ्या-आडव्या पट्ट्यांचेच होते, पण जिथे पट्ट्या एकमेकींना छेदत होत्या तिथे तिने दोन रंग मिसळून तिसरा भरला होता. वडिलांनी सांगितलेली गोष्ट तिने नीट ध्यानात ठेवली होती. कागदाच्या कोपऱ्यात उर्दूत तिचे नाव होते. त्याखाली बारीक अक्षरात तिने आणखी एक नाव लिहिले होते, तिच्या अब्बांचे. परीक्षेच्या नियमानुसार चित्रावर दुसऱ्याचे नाव चालत नाही, हे मला माहीत होते.

पण ही परीक्षा नव्हती. मी ते नाव तसेच राहू दिले आणि चित्र वर्गाच्या भिंतीवर लावले.